सकाळ विचारणाऱ्या बाई

आमच्या शाळेच्या अंगणातलं पेरूचं झाड माझ्या चुकीच्या शब्दांवर वाढलं आहे. हे सांगितलं की लोक हसतात, पण खरं आहे. आमच्या मुख्याध्यापिका बाईंनी काही शब्दांवर दंड ठेवला होता. 'उदासीन पालक', 'प्रबोधन', 'जनजागृती' यातला एखादा शब्द तोंडातून निघाला, की बोलणाऱ्यानं हातपंपावरून बादलीभर पाणी आणून त्या रोपट्याला घालायचं. शाळेत शिक्षक आम्ही दोघेच, म्हणजे दंड भरणारा एकच. एकदा तालुक्याहून आलेले साहेब बोलण्याच्या ओघात 'पालकांचं प्रबोधन' म्हणून गेले आणि बाईंनी त्यांच्यापुढे शांतपणे बादली ठेवली. साहेब आधी हसले. मग बाई हसत नाहीत असं दिसल्यावर उठले आणि पँट सावरत पंप हापसायला लागले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्या वर्षी झाडानं चांगलाच जीव धरला.

शाळा केशोरीच्या पुढे, जंगलाला लागून, चौथीपर्यंतची. मी गोंदियाला लागून असलेल्या फुलचूरचा. घरात अर्धी हिंदी, अर्धी मराठी. नोकरी लागली तेव्हा पोहा आणि मोहा यांतला फरक कळण्याइतपतच गावाची ओळख. पहिल्या दिवशी बाईंनी मला नखशिखांत न्याहाळलं आणि विचारलं, "भात किती वेरा खातेस गा गुरुजी?" मी म्हणालो, एकदा. "मंग तुले इथं जड जाईन," एवढं बोलून त्या वर्गात निघून गेल्या. त्यांच्या बोलीत 'ळ' सापडत नसे, त्याच्या जागी 'र' यायचा. लिहायला बसल्या की मात्र भाषा इतकी शुद्ध की वाटावं, ही दुसरीच कोणीतरी बाई आहे.

उंच, हडकुळ्या, मनगटावर पुरुषी घड्याळ. तिन्ही त्रिकाळ भात. पोळीला त्या पाव्हण्याचं खाणं म्हणायच्या. ऑनलाइन बैठक असली की मोबाइल तांदळाच्या पोत्यावर उभा करून त्याचं तोंड भिंतीकडे वळवायच्या आणि पहिलीला बाराखडी शिकवायला जायच्या. बैठकीत नाव पुकारलं गेलं की दारातूनच "उपस्थित आहे" असं ओरडायच्या. ते खोटं नव्हतं. शाळेत त्यांच्याइतकं उपस्थित कोणीच नसायचं.

मला त्यांची भीती वाटायची. पुढे त्या भीतीचं काय झालं ते सांगण्यासाठीच हे लिहितो आहे.

त्या वर्षी गोंदियाला कृतिसंशोधनाचं प्रशिक्षण झालं. शाळेत जी अडचण आहे ती शिक्षकानंच शोधायची, उपाय करून पाहायचा, फरक पडला का ते तपासायचं. कल्पना चांगली होती. पडद्यावर चौकटी आल्या: शीर्षक, गरज, उद्दिष्टे, गृहीतके, कार्यपद्धती, निष्कर्ष. आम्ही त्या उतरवून घेतल्या. बाहेर पडल्यावर झेरॉक्सच्या दुकानदारानंच विचारलं, "सर, कौनसा दूँ? वाचन, गणित की उपस्थिती? सब रेडी है. शाळेचं नाव तेवढं बदला." मी उपस्थितीचं घेतलं, कारण आमच्या शाळेचं दुखणं तेच होतं.

मार्च लागला, की जंगलाकडच्या टोलीवरची, म्हणजे रस्त्याकडच्या गावापासून दूर असलेल्या वस्तीवरची पोरं दिसेनाशी व्हायची. मोहफुलं पहाटे गळतात, ऊन चढायच्या आत वेचावी लागतात. अख्खी टोली झाडांखाली असते. आणि नेमकी मार्चमध्येच आमची शाळा सकाळची होते. गेलेली पोरं उन्हाळ्यानंतरही परतत नसत. आदल्या वर्षी टोलीवरच्या चौथीतल्या मुली अशाच गेल्या. पाचवीसाठी आश्रमशाळेत जायचं तर दाखला लागतो, आणि तो मागायलाही कोणी आलं नाही. या वर्षी चौथीत फुलवंता होती. वाचायला लागली की श्वास घ्यायला विसरायची, अशी मुलगी. होळीनंतर तिची जागा रिकामी पडली. तिची आई बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, "शिकन तं शिकू द्या गुरुजी. नाही तं बकऱ्या आहेतच." उन्हाळ्याआधी फुलवंता शाळेत परतली नाही, तर ती कायमचीच गेली, हे मला स्पष्ट दिसत होतं.

विकत आणलेला अहवाल मी बाईंना दाखवला. त्यांनी उभ्याउभ्याच चाळला. 'कारणे: पालकांची उदासीनता. उपाय: प्रबोधन मेळावा.'

"दोन बादल्या," बाई म्हणाल्या.

मी पाणी घालून आलो. तोवर त्या पायरीवर बसल्या होत्या. "हे कोनाचं दुखनं आहे?" त्यांनी विचारलं.

"टोलीवरच्या पोरांचं."

"त्याहीले दुखते असं ते म्हनाले?"

"नाही."

"मंग?"

मी म्हणालो, "माझं आहे बाई. फुलवंताची जागा रिकामी दिसली की मला शिकवणं सुचत नाही."

"आता लिही," त्या म्हणाल्या. "ज्याचं दुखनं त्यानंच दवा शोधाची. दुसऱ्याच्या पोटावर हात ठेवून आपल्याले कर येत नाही." कर, म्हणजे कळ.

अशी माझी शिकवणी सुरू झाली. शाळा सुटल्यावर, पायरीवर. मी कारण सांगायचं आणि बाईंनी विचारायचं, "हे तुले कोनं सांगितलं?" कोणीच सांगितलेलं नसायचं. मी घरोघर भेटी, बक्षिसं, सहल, गोष्टींचा तास असे चार उपाय एकत्र मांडले, तर त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या, "बांधीतलं पानी कुठून फुटून राहिलं ते पाहाचं आहे, अन् तू सप्पा धुरे एकदम बांधून राहिला. मंग समजन कसं, फूट कुठं होती?" बांधी म्हणजे धानाचं खाचर, धुरे म्हणजे त्याचे बांध, सप्पा म्हणजे सगळे; त्यात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. मला दोनदा सांगावं लागलं.

नियोजनाच्या कागदावर सगळ्यात वर त्यांनी मला एक ओळ लिहायला लावली. ती कुठल्याच चौकटीत नव्हती: 'माझं चुकलं आहे हे मला कशावरून कळेल?' मी म्हणालो, बाई, असं कोणी लिहीत नाही. "म्हनूनच सप्प्यायचे प्रयोग यशस्वी होते," बाई म्हणाल्या.

माझा अंदाज होता, की मोहाच पोरांना अडवतो. पोरांना विचारून पाहिलं. "काऊन नाही आला?" तर सगळ्यांचं एकच उत्तर: मोहा. मी खुशीत येऊन बाईंना सांगितलं. त्या चिडल्याच.

"काऊन म्हटलं का पोट्टं तुले पायजे ते सांगून मोकरं होते. कारन नोको इचारू. सकार इचार. उठल्यापासून सांग म्हन, अन् मधात तोंड घालू नोको."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर टोलीवर गेलो. फुलवंता अंगणात वाळत घातलेली फुलं हलवत होती. मी बाजूला बसलो आणि म्हणालो, "आजची सकाळ सांग."

तिनं सांगितली. अंधारात उठली. आईबरोबर झाडाखाली गेली. टोपली भरली. सूर्य डोंगरीवर आला तशी घरी आली, तोंड धुतलं, गणवेश घातला.

मी तोंड घालणार नव्हतो, पण राहवलं नाही. "गणवेश घातलास? मग गेलीस कुठं?"

"बोडीवर."

शाळेच्या मागे लहानसा तलाव आहे, ती बोडी. तिच्या पाळीवर चरणाऱ्या म्हशी सोडल्या तर कोणी नसतं, अशी माझी समजूत. फुलवंता सांगत गेली. टोलीवरची सगळी पोरं तिथं बसतात, दप्तरं घेऊन. तिथून शाळेतलं ऐकू येतं. बाईंचे पाढे ऐकू येतात, माझी कविता ऐकू येते. खिचडीची घंटा झाली की उठायचं आणि घरी जाऊन शाळा सुटली म्हणून सांगायचं. कविता तिनं म्हणूनही दाखवली. मी त्याच आठवड्यात शिकवलेली होती.

मी विचारलं, "मग आत का येत नाही?"

ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. "कारन सांगा लागते ना, गुरुजी. मोहा म्हटलं का रोडावरचे पोट्टे हासतात. दारूवाली म्हनतात."

आता इथं आमच्या शाळेची एक रीत सांगायला हवी. उशिरा आलेल्या मुलाला बाईंनी कधी मारलं नाही, उठाबशा काढायला लावल्या नाहीत. त्यानं झेंड्याच्या ओट्याजवळ उभं राहायचं, आणि परिपाठ संपला की उशिराचं खरं कारण सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगायचं. बाई मान हलवायच्या, "बस" म्हणायच्या. झालं. ही रीत बाईंची स्वतःची, सगळ्या नोकरीभर जपलेली. त्यांचं लहानपण गोंदियाजवळच्या मुर्रीला गेलं. वडील राईस मिलमध्ये हमाल, आई सकाळीच कामावर जायची. धाकट्या भावाला आजीकडे पोचवून शाळेत येईपर्यंत रोज उशीर व्हायचा. गुरुजी फाटक लावून घ्यायचे. "मले कोनी कारनच नाही इचारलं गा," बाई एकदा म्हणाल्या होत्या. "मास्तरीन झाली तवाच ठरवलं, माह्या शारेत पयले लेकराचं ऐकलं जाईन." अख्ख्या नोकरीत त्यांना अभिमान होता तो या एकाच गोष्टीचा.

आणि आता मला जाऊन सांगायचं होतं, की बाई, पाणी इथं फुटतं आहे.

दोन दिवस मी टाळलं. मग शीर्षक गुळमुळीत करून नेलं: 'परिपाठाच्या वेळेचे सुयोग्य नियोजन'. बाईंनी कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"घाबरून राहिला तू," त्या म्हणाल्या. "पोट्टी काय म्हनाली? तिच्या शब्दात सांग."

मी सांगितलं. बोडी, पाढे, कविता, आणि ते 'दारूवाली'. सांगताना माझी नजर त्यांच्या घड्याळावर होती, तोंडाकडे बघायची हिंमत नव्हती. बाहेर पोरं लंगडी खेळत होती, त्यांचा गलका तेवढा येत होता.

"पेन घे," बाई म्हणाल्या. आणि त्यांच्या त्या शुद्ध, छापील मराठीत त्यांनी सांगितलं, "लिही. मुख्याध्यापिकेने सुरू केलेल्या, उशिराचे कारण सर्वांसमोर सांगण्याच्या प्रथेचा विद्यार्थ्यांच्या उपस्थितीवर होणारा परिणाम."

"बाई, मुख्याध्यापिका हा शब्द नको. शाळेतील प्रथा म्हणू."

"शारा काय बोलते का गा? मी बोलत होती. लिही."

मी लिहिलं. त्या उठल्या आणि दुसरीच्या वर्गात हातच्याची वजाबाकी शिकवायला गेल्या. फळ्यावर चुकल्या. पोरांनी ओरडून चूक दाखवली तेव्हा त्यांनी ती पुसली आणि पुन्हा तिथंच चुकल्या. मी दारातून पाहत होतो. मोठ्या माणसाचं मोठेपण म्हणजे काय, हे त्या फळ्यासमोर मला समजलं, असं आजही वाटतं. स्वतःच्या आयुष्यातली सगळ्यात प्रिय गोष्ट त्यांनी स्वतःच्या आवाजात माझ्या कागदावर आरोपी म्हणून घातली होती.

रीत बंद झाली. बाईंनी परिपाठात जाहीर केलं: कोणी केव्हाही यावं, आपापल्या जागेवर बसावं. मला सकाळची वेळही बदलावीशी वाटत होती, पण त्यांनी अडवलं. एका वेळी एकच धुरा. मी टोलीवर जाऊन निरोप दिला. आयांनी माना डोलावल्या, पोरांनी जमिनीकडे पाहिलं.

कोणी आलं नाही. आठवडा गेला. मी खिडकीतून बोडीकडे पाहायचो; पाळीवर निळे गणवेश दिसायचे. आधी त्या बाजूला मी कधी बघितलंच नव्हतं, आता दिसतात म्हटल्यावर जास्तच टोचायचे. माझी पार निराशा झाली. बाईंनी मला ती वरची ओळ पुन्हा वाचायला लावली. मी म्हणालो, "म्हणजे माझं चुकलं."

"अर्धं," बाई म्हणाल्या. "कुलूप काढलं, हे आपल्याले माहीत आहे. त्याहीनं कुलूप पाहिलं होतं, काढताना नाही पाहिलं." आणि पुढे काही सांगितलंच नाही. फक्त म्हणाल्या, "उद्याचा परिपाठ तू घे."

दुसऱ्या दिवशी बाई आल्या नाहीत. असं कधी झालं नव्हतं. पोरं फाटकाकडे माना वळवत होती. मी प्रार्थना घेतली, प्रतिज्ञा घेतली, सुविचार झाला, बोधकथा झाली. आणि बोधकथेचा शेवट चालू असताना टोलीच्या वाटेवरून बाई आल्या. डोक्यावर मोहफुलांची टोपली, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, कपाळावर घाम. मागे टोलीवरची पोरं, आणि सगळ्यांच्या शेवटी, अंतर राखून, फुलवंता.

बाईंनी टोपली खाली ठेवली. झेंड्याच्या ओट्याजवळ गेल्या, जिथं उशिरा येणारे उभे राहायचे, तिथं आमच्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. हात सरळ खाली सोडलेले, शाळकरी पोरीसारखे. आणि सगळ्या शाळेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मी मोहा वेचाले गेली होती. म्हनून मले उशीर झाला."

कोणी हसलं नाही. रस्त्याकडच्या पोरांच्या रांगेत कोणीतरी तोंड उघडलं, आणि तसंच उघडं ठेवलं.

"काय गा गुरुजी," बाई म्हणाल्या, "बसू का?"

निवृत्तीला आलेली बाई, जिच्यापुढे साहेब पंप हापसतात, ती माझ्यासारख्या कालच्या पोराला परवानगी मागत होती, आणि ते नाटक नव्हतं. "बसा बाई," मी कसंबसं म्हणालो. त्या चौथीच्या रांगेत, जमिनीवर, मांडी घालून बसल्या. टोलीवरची पोरं एकेक करून आपल्या जागी गेली.

फुलवंता गेली नाही. तिला कोणी काही विचारलं नव्हतं, तरी ती ओट्याजवळ जाऊन उभी राहिली. "मी पन मोहा वेचाले गेली होती," ती म्हणाली. मग न राहवून पुढे बोलली, "बाईले वेचता येत नाही. सप्पा काडीकचरा उचलते."

शाळा हसली. टोली हसली, रस्त्याकडची पोरं हसली, मी हसलो. सगळ्यात मोठ्यानं बाई हसल्या. हसता हसता पदरानं डोळे पुसायला लागल्या, तशी पोरं आणखीच हसली.

संध्याकाळी मी तक्रार केली, की बाई, तुम्ही नियोजनाबाहेरची गोष्ट केलीत, आता फरक कशानं पडला ते मी कसं सांगू? त्यांना ही तक्रार फार आवडली. "हेही लिही," म्हणाल्या. "जसं झालं तसं." मी लिहिलं. बरीच पोरं रोज यायला लागली, उशिरा का होईना. काही नाहीच आली, त्यांचीही नावं लिहिली. गोंदियाला अहवाल वाचून मार्गदर्शक म्हणाले, निष्कर्ष अपूर्ण वाटतो. मी येऊन बाईंना सांगितलं, तर त्यांनी त्या आनंदात मला भाताबरोबर तळलेली मासोळी वाढली.

मे महिन्यात बाई निवृत्त झाल्या. सत्कार नको म्हणून त्यांनी निरोपाच्या दिवशी फोन बंद ठेवला आणि शेवटच्या तासाला तिसरीला भागाकार शिकवला. मग मुर्रीला, भावाकडे राहायला गेल्या.

जूनअखेर शाळा उघडली आणि पहिल्याच आठवड्यात फुलवंताची आई दारात उभी राहिली. पावसानं भिजलेली, बरोबर फुलवंता. "आश्रमशाळेत नाव टाकाचं आहे गुरुजी. दाखला पायजे."

मी दाखला लिहिला. सही करून शिक्का मारला. त्या दोघी गेल्या तसा व्हरांड्यात येऊन बाईंना फोन लावला. घंटी बराच वेळ वाजली. मागे राईस मिलचा आवाज येत होता.

"बाई, फुलवंता दाखला घेऊन गेली! पाचवीला चालली."

मला वाटलं, त्या आता रडतील. मीही रडायच्या बेतात होतो.

"बरं झालं गा," बाई म्हणाल्या. आवाज अगदी कोरडा. "अन् जे नाहीच आले, ज्याहीची नावं तू लिहिली होती, त्याहीतलं कोन आलं?"

मी म्हणालो, "अजून कोणी नाही."

"मंग मले फोन काऊन करून राहिला?"

फोन कट झाला. मी पोरांना गणितं घालून दिली, छत्री घेतली आणि टोलीच्या वाटेला लागलो.